कायमचा प्रभारी

आमच्या भागात ‘प्रभारी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुख्याध्यापक प्रभारी, डॉक्टर प्रभारी, ग्रामसेवकाकडं शेजारच्या दोन गावांचा ‘अतिरिक्त कार्यभार’. इस्लापूर म्हणजे किनवट तालुका, एका अंगाला सागाचं जंगल, खाली तेलंगण, पैनगंगेच्या पलीकडं विदर्भ. बदली घेऊन इकडं आनंदानं येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग जो हाताशी आहे त्याच्याच गळ्यात चार्ज पडतो.

प्रभारी माणसाचं काम सगळं असतं. सह्या सगळ्या, शिव्याही सगळ्या. फक्त खुर्ची त्याची नसते. ‘कायमचा माणूस’ येणार आहे हे त्याला रोज कुणी ना कुणी ऐकवतं. आणि तो कायमचा माणूस तीन-तीन वर्षं येत नाही!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी अशाच एका प्रभारी माणसाचा पाठलाग करतोय. त्याचं नाव खालिद जमील. मुंबईचा जुना फुटबॉलपटू आणि नंतरचा प्रशिक्षक.

(फुटबॉल म्हटल्यावर निम्मं घर इथंच उठून गेलं असणार. आत्या, थांब. पुढं क्रिकेट पण आहे.)

आमच्याकडं फुटबॉल नाही. कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, आणि क्रिकेट तर काय, कापूस वेचून झालेल्या वावरातसुद्धा आहे. त्यामुळं रात्री मोबाइलवर भारताची मॅच लावून बसलं की मामा हमखास विचारतो, “काय बघायलास रे एवढं? हरायलेत की पुन्हा.” मामाचं म्हणणं बऱ्याचदा खरं निघतं, हाच तर त्रास आहे. पण मी बघतो तो हरणं-जिंकणं सोडून बाजूच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या त्या माणसाला. बोलायला कंजूष. पत्रकारांनी लांबलचक प्रश्न विचारावा आणि यानं दोन वाक्यांत आटपावं. आमच्या शाळांमधले जुने पीटीचे सर असेच असायचे.

त्याची गोष्ट थोडक्यात. १९७७ साली कुवेतमध्ये जन्म. आई-वडील भारतीय. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब इकडं आलं आणि मुलगा मुंबईच्या फुटबॉलमध्ये शिरला. तेव्हाचं मुंबईचं फुटबॉल म्हणजे ऑफिसांच्या टीमा. महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका. कूपरेजच्या मैदानावर खेळायचं आणि कंपनीच्या पगारपत्रकावर नाव लागलं की आईबापांनी सुटकेचा श्वास सोडायचा. खालिद मिडफिल्डर. महिंद्र, मग एअर इंडिया, मग परत महिंद्र, शेवटी २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी. मधल्या काळात भारताकडूनही खेळला. दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही, आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बूट काढून ठेवून तो त्याच मुंबई एफसीचा मुख्य प्रशिक्षक झाला.

यातल्या क्लबांचं पुढं काय झालं ते एकदा बघा. महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकणारा महाराष्ट्रातला पहिला क्लब. २००५-०६ चा मोसम, प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. तो क्लब २०१० मध्ये बंद. एअर इंडियाचा संघ राष्ट्रीय लीगमधून गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. पुण्यात परेरांनीच ज्या पुणे एफसीला २०१२-१३ मध्ये आय-लीगचं उपविजेतेपद मिळवून दिलं, तोही दोन-तीन वर्षांत गेला. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स कप स्पर्धा २००१ नंतर थांबली. म्हणजे हा माणूस जिथं जिथं घडला ती सगळी घरं त्याच्या मागं पडत गेली. टिकून राहणं एवढंच ज्याचं ध्येय असू शकतं अशा जागी त्याचं शिक्षण झालं, हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

मुंबई एफसीमध्ये त्याला सात मोसम मिळाले. एवढा काळ त्याला पुन्हा कुणी दिला नाही. पैसा कमी, परदेशी खेळाडू जेमतेम, आणि तरीही ती टीम दरवर्षी खाली घसरायची वाचायची. बघायला सुंदर होती म्हणावं तर नाही. बचाव घट्ट, गोल झाला की दार बंद, आणि उरलेला वेळ काढायचा. मुंबईतले फुटबॉलचे दर्दी नाक मुरडायचे. मलाही कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण दुष्काळी भागात राहिलेल्या माणसाला या खेळातलं शहाणपण लगेच कळतं. विहिरीत जेवढं पाणी आहे तेवढ्यावरच पीक घ्यायचं असतं, शेजाऱ्याचा ऊस बघून नाही.

२०१६ मध्ये मुंबई एफसीनं दुसरा प्रशिक्षक आणला. खालिद गेला थेट मिझोरामला, ऐझॉल एफसीकडं.

आता हा क्लब तरी कोण? आदल्याच मोसमात आय-लीगमधून खाली ढकलला गेलेला. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली, म्हणून यांना परत बोलावलं. म्हणजे क्लबच प्रभारी! मोठी नावं नाहीत, डोंगरातलं छोटं शहर, स्थानिक मिझो पोरं, सीरियाचा महमूद अल-अमना, लायबेरियाचा अल्फ्रेड जार्यन, आणि खालिदबरोबर मुंबईहून गेलेले जयेश राणे, आशुतोष मेहता. राणे आणि मेहता हे मुंबईनं सोडून दिलेलं सामान, असंच म्हणायचं.

दहा संघ, अठरा सामने. २२ एप्रिल २०१७ ला मोहन बागान ऐझॉलला आला. दोघंही विजेतेपदाच्या दारात. शेवटच्या दहा मिनिटांत झोहमिंगलियाना राल्टेनं डोक्यानं गोल केला, १-०. आठवड्यानं, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच लाजाँगनं गोल मारला, उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं फेडला, १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येचा पहिला क्लब देशाचा विजेता झाला.

आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला, खाली ढकलला गेला, आणि बंद झाला.

मी ही दोन वाक्यं कुठंही सांगितली की लोक म्हणतात, “योगायोग.” असेल. पण आत्यासाठी आता क्रिकेट. साधारण त्याच दिवसांत मुंबईचा रणजी संघ २०१६-१७ ची अंतिम लढत गुजरातकडून हरला आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईबाहेर पडले. गेले कुठं? विदर्भात. आमच्या नदीच्या पलीकडं! विदर्भानं तोवर एकदाही रणजी जिंकली नव्हती. पंडितांच्या हाताखाली २०१७-१८ ला जिंकली, २०१८-१९ ला पुन्हा जिंकली. मग ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं पहिली रणजी मिळवली, तीही अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून. मुंबईकडं कोच घडवायची ताकद आहे यात वाद नाही. त्यांचं पीक मात्र बाहेरचे कापतात.

फरक कुठं पडतो ते सांगतो. पंडितांना पुढचं काम मिळालं ते मुख्य प्रशिक्षकाचंच, नाव वाचून. विदर्भानं बोलावलं, मध्य प्रदेशानं बोलावलं, नंतर आयपीएलमध्ये कोलकात्यानं बोलावलं आणि २०२४ ला ते जिंकले. खालिदनं देशाची लीग जिंकली तेव्हा त्याच्यासमोर काय होतं? २०१४ पासून चालू झालेली इंडियन सुपर लीग, जिथं सगळा पैसा होता, आणि जिथं मुख्य प्रशिक्षक म्हणून परदेशी माणूसच बसायचा. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्लिश. भारतीय माणूस त्यांच्या शेजारी, पाण्याच्या बाटल्यांजवळ. परदेशी कोच वाईट होते असं माझं म्हणणं नाही, काही तर फारच चांगले होते. पण सात वर्षांत एकाही मालकाला असं वाटू नये की एखादा भारतीय माणूस पूर्ण मोसमासाठी चालेल?

असो.

मधली कोलकात्याची वर्षं मी पटकन उरकतो, कारण ती त्यानंही पटकन उरकली. २०१७-१८ मध्ये ईस्ट बंगाल, लीगमध्ये चौथा. २०१९ च्या सुरुवातीला मोहन बागान, तेही आधीच्या प्रशिक्षकानं राजीनामा दिल्यावर मोसमाच्या मधोमध. म्हणजे पुन्हा अतिरिक्त कार्यभार. तिथल्या गॅलरीला विजेतेपद आजच हवं असतं, आणि देखणं हवं असतं. दोन्ही याच्याकडं नव्हतं.

मग गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. तिथं तो सहायक. जानेवारी २०२१ मध्ये क्लबनं स्पॅनिश प्रशिक्षकाला काढलं आणि खालिदला ‘अंतरिम’ म्हणून उभं केलं. तोवर ११ सामन्यांत १२ गुण झाले होते. उरलेल्या ९ सामन्यांत हा एकही हरला नाही. ६ विजय, ३ बरोबरी, २१ गुण. संघ तिसरा आला, उपांत्य फेरीत गेला. त्या लीगमध्ये संघाला बाद फेरीत नेणारा हा पहिला भारतीय प्रशिक्षक. मग क्लबला लाज वाटली म्हणा की विश्वास वाटला म्हणा, पुढच्या मोसमासाठी त्याला कायम केलं. त्या लीगमधला पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक.

आणि २०२१-२२ ला नॉर्थईस्ट अकरांत दहावा आला.

इथं मामा टेबलावर हात आपटतो. “बघ! प्रभारी म्हणून चांगला, कायम केला की झोपला!” आमच्याकडंही असे लोक आहेत, त्याला नावानिशी माहीत आहेत. मुद्दा अगदीच मोडीत काढण्यासारखा नाही. त्याचा दुसऱ्या टोकाचा विचार मात्र मामा करत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर ११ महिन्यांच्या आदेशावर ठेवलं, तो ११ महिन्यांचंच काम शिकतो. आमच्या भागात कंत्राटी मास्तर बघा. हुशार असतात, जीव तोडून शिकवतात, पण चौथीतल्या पोराला सातवीत कुठं न्यायचं याचा विचार ते करत नाहीत. का करावा? सातवीत ते पोरगं कुणाच्या हातात असेल, आणि आपण कुठं असू? म्हणून ते परीक्षेपुरतं घोटून घेतात. निकाल लागतो, आदेश पुन्हा निघतो.

खालिदचं फुटबॉल हे परीक्षेपुरतं घोटून घेतलेलं फुटबॉल आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं. त्याचा दोष आहे का? आहे, थोडा. संघ मागं पडला, समोरच्यानं बस लावली, की याच्याकडं दुसरी युक्ती पटकन निघत नाही. पण त्याला युक्त्यांची प्रयोगशाळा काढायला दिली कुणी? मुंबई एफसीची सात वर्षं सोडली तर प्रत्येक ठिकाणी आग लागल्यावर बोलावणं आलं. आग विझवणाऱ्याला घराचा नकाशा काढता येत नाही म्हणून हसायचं, हा काय न्याय?

जमशेदपूरला थोडा वेळ मिळाला आणि चित्र जरा बदललं. तिथंही सुरुवात मोसमाच्या मध्यातच झाली, २०२३ च्या शेवटी. पण २०२४-२५ चा अख्खा मोसम त्याच्या हातात होता. संघ पाचवा आला, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मोहन बागानला २-१ नं हरवलं, दुसऱ्यात ०-२ हरून बाहेर पडला. त्याच वर्षी सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून ०-३ हार. जिंकलं काहीच नाही हे खरं. पण त्या लीगमध्ये बाकी बहुतेक बाकांवर परदेशी माणसं असताना हा तिथं उभा होता, आणि लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षक म्हणून महासंघाचा पुरस्कार घेऊन गेला.

१ ऑगस्ट २०२५ ला तो भारताचा प्रशिक्षक झाला. २०११-१२ मधल्या गोव्याच्या सावियो मेदेरानंतरचा पहिला भारतीय. लोकांनी पेढे वाटले. मला मात्र वेळ बघून हसू आलं. घर केव्हा दिलं बघा! मनोलो मार्केझ सोडून गेलेले, आशिया चषक पात्रतेत बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१, क्रमवारीत भारत १३३ वा, आणि त्यात सुपर लीगच बेमुदत थांबलेली. महासंघ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीच्या कराराचा घोळ. २०२५ संपेपर्यंत लीगचा एक सामना झाला नाही. खेळाडूंच्या पायात सामने नाहीत, काही क्लब शिबिराला पोरं सोडत नाहीत. शाळेची इमारत गळतीय, पोषण आहार बंद, पटपडताळणी उद्या आहे, आणि आता तुम्ही मुख्याध्यापक. अभिनंदन!

पहिल्याच स्पर्धेत त्यानं आपली जुनी जादू केलीच. ताजिकिस्तानात सीएएफए नेशन्स कप. यजमानांना २-१ हरवलं, इराणकडून ०-३ हरले, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानशी १-१ होऊन पेनल्टीवर ३-२. ओमान आपल्यापेक्षा कितीतरी वरचा संघ. त्या रात्री मामासुद्धा शेवटपर्यंत बसला होता. बोलला काही नाही, पण चहा मागितला, म्हणजे समजून घ्यायचं.

आणि मग ऑक्टोबर. सिंगापूरला जाऊन दहा जणांत ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधली, १-१. पाचच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, गोव्यात फातोर्ड्याला तोच सिंगापूर. छांगतेनं सुंदर गोल केला. आणि मग संघ हळूहळू मागं मागं सरकत गेला, जसं मुंबई एफसी सरकायचा. १-२. आशिया चषकाचं दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१, २२ वर्षांत पहिल्यांदा.

फातोर्ड्याचा तो सामना मला अजून टोचतो. १-० आघाडी, घरचं मैदान, आणि समोर असा संघ की ज्याला दाबून टाकता आलं असतं. तिथं या माणसाचं सगळं आयुष्य आडवं आलं. हातात थोडं धान्य आलं की कणगीला झाकण घालायची सवय. ऐझॉलला ती सवय सोन्याची होती, कारण ऐझॉलकडं दुसरं काही नव्हतंच. भारताकडंही फार काही नाही म्हणा. पण त्या संध्याकाळी आणखी एक गोल मागायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे, खालिदचा चाहता असूनही.

तर मग त्याला काढायचं का? दुसऱ्या दिवसापासून तशी कुजबुज सुरू झालीच होती. परदेशी माणूस आणा, मोठं नाव आणा. म्हणजे तेच, कायमचा माणूस येणार आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीचं एक उदाहरण देतो. नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आम्ही १९५६ मध्ये इकडं आलो. त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक, १९५० च्या सुमारास भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ‘मैदान’ सिनेमा आल्यापासून त्यांचं नाव घराघरात पोचलं. १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं तुडवलं. दहा गोल! आजच्या दिवसात त्या कोचचं विमानतळावर काय झालं असतं? रहीमसाहेब राहिले. १९५६ ला मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण, तेव्हा ते कर्करोगानं पोखरलेले होते, पुढच्या वर्षी गेले. हेलसिंकीनंतर त्यांना काढलं असतं तर मेलबर्न आणि जकार्ता कुणाच्या हातून झालं असतं, सांगता येत नाही.

खालिद म्हणजे रहीमसाहेब असं मी म्हणत नाहीये, उगाच कॉमेंटमध्ये भांडू नका :) काळ वेगळा, आशिया वेगळा. जपान, कोरिया, इराण आज कुठल्या कुठं आहेत. मी फक्त दहा गोल खाल्ल्यावर मिळालेल्या दहा वर्षांबद्दल बोलतोय.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिदशी करार झाला तो दोन वर्षांचा. कागदावर तरी तो प्रभारी नाही. २०२७ च्या जानेवारीत सौदी अरेबियात आशिया चषक होणार आणि भारत तिथं नसणार, हे एकदा ठरून गेलं. मग आता गुणांसाठी जीव टाकण्यासारखं फारसं काही राहत नाही, आणि एका दृष्टीनं हीच त्याच्या आयुष्यातली पहिली रिकामी जागा आहे. खाली ढकललं जायची भीती नाही, मालक नाही. २३ वर्षांखालचा संघ २०२५ मध्ये नौशाद मूसाकडं होता, तोही मुंबईच्याच त्या ऑफिसांच्या फुटबॉलमधून आलेला. दोघांनी मिळून विशी-बाविशीतली पंधरा पोरं घ्यावीत, थोराड नावांना नमस्कार करावा, आणि एक वर्ष मोकळेपणानं हरावं. १-० झाल्यावर दुसरा गोल मागताना हरावं.

मामाला हे पटलेलं नाही. त्याच्या मते हरायला कुणी पगार देत नाही. त्याचं उत्तर त्यानं स्वतः लिहावं म्हणून मी त्याच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, बघू काय लिहितो ते.